उत्तरेकडची गच्ची

पोर्तुगालमध्ये घर घ्यायचं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आधी आलं, ते अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो, तुझ्या. मी म्हणते, कालगुर्लीहून तो व्हिडिओ कोणी पाठवला होता? त्यावर तो म्हणतो, मी नुसता पाठवला होता, खाली 'किती छान, असं पाहिजे' हे कोणी लिहिलं? मग मी गप्प बसते, कारण लिहिलं मीच होतं. पण लिहिताना माझ्या मनात पोर्तुगाल नव्हतं. त्या व्हिडिओत पन्नाशीचं एक जोडपं समुद्राकडे तोंड करून गच्चीवर जेवत बसलं होतं. शेजारी शेजारी. मला ते छान वाटलं होतं.

तेव्हा महासाथीचं पहिलं वर्ष चालू होतं. मी आणि आमची मुलगी सिडनीच्या टोकाला, स्कोफिल्ड्समधल्या आमच्या घरात. नवरा देशाच्या दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीत, सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. एरवी त्याचं वेळापत्रक ठरलेलं होतं: दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी. कालगुर्लीहून पर्थ, पर्थहून सिडनी, आणि शुक्रवारी दुपारी त्याची लाल मातीने माखलेली बॅग आमच्या दाराशी. ती बॅग आत आणायची नाही, आधी बाहेर झटकायची, यावर दर तीन आठवड्यांनी एक भांडण ठरलेलं. मग वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. तिथून बाहेर पडायला बंदी नव्हती, परत आत जायला होती. म्हणजे घरी आला तर नोकरी गेली. दोघांनी बसून, म्हणजे दोन फोनवर बसून, अगदी शहाण्यासारखं ठरवलं की त्याने तिथेच राहायचं. मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा दीड वर्षात तो दोनदा येऊन गेला, तेही धावतपळत. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये सिडनीत साथ पुन्हा पसरली आणि ते दार घट्ट लागलं.

आमचा फोन रोज संध्याकाळी साडेसहाला. पहिले तीन आठवडे बरे गेले. जेवलास का, काय जेवलास, मुलीने अभ्यास केला का. नंतर विषयच संपले. तो विचारायचा, "आज किती?" मी सिडनीतल्या रुग्णांचा त्या दिवशीचा आकडा सांगायची. तो म्हणायचा, "इथे शून्य." मग दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे बघत बसायचो आणि मी म्हणायची, "बरं, ठेवू?"

घराचा विषय निघाला आणि फोन तासभर चालायला लागला. आज हे बघ, काल ते बघितलंस का, या घराला विहीर आहे, त्या घराचं छप्पर पडलंय पण मागे लिंबाची झाडं आहेत. मला एवढंच कळत होतं की साडेसहाला फोन वाजतो. घराचा विषय नसता तर तो वाजला असता की नाही, याची मला खात्री नव्हती. आणि ही खात्री नसणं मला फार घाबरवत होतं. म्हणून मी रोज नवं घर शोधून ठेवायची.

'लाइफस्टाइल' हा शब्द नवऱ्याचा. तिथे लाइफस्टाइल आहे, असं तो म्हणायचा. मराठीत याला जीवनशैली म्हणतात, पण जीवनशैली म्हटलं की मला पुढे मधुमेहच दिसतो, कारण वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते दोन शब्द कायम जोडीने यायचे. लाइफस्टाइल म्हणजे नेमकं काय, हे मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, सकाळी उठायचं, बाजारात जायचं, ताजे मासे आणायचे, संध्याकाळी गच्चीवर बसायचं. मी 'वा' म्हटलं. आम्ही दोघंही मासे खात नाही. मला तर वासही सहन होत नाही. पण ते त्या दिवशी दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि कोणी बोललं नसेल.

तेव्हा देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागत होती. नवऱ्याला स्वतःच्या घरी येता येत नव्हतं. आम्ही ब्लॅकटाउन नगरपालिकेच्या हद्दीत, तिथले नियम सगळ्यात कडक, त्यामुळे मला पाच किलोमीटरपलीकडे कढीपत्ता आणायलाही जाता येत नव्हतं. आणि आम्ही युरोपात राहायला जायचं ठरवत होतो. आता लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं. तेव्हा वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण त्या दिवसांत शहाणपणाच्या गोष्टीही तितक्याच वेड्या वाटत होत्या, त्यामुळे फरक कळायला मार्ग नव्हता.

गच्ची उत्तरेला हवी, ही अट मात्र माझी. त्याबद्दल वाद नाही.

हे उत्तरेचं वेड मला कुठून लागलं ते सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो. इथे घर बघायला गेलं की एजंट सगळ्यात आधी सांगतो, नॉर्थ फेसिंग आहे, म्हणजे थंडीत हॉलमध्ये दिवसभर ऊन. आमच्या स्कोफिल्ड्सच्या हॉलमध्ये सहा वर्षांत ऊन आलेलं नाही. प्लॉट घेताना सासूबाईंनी चिंचवडहून फोनवर सांगितलं होतं, मुख्य दार उत्तरेला घ्या, दक्षिणेला तर अजिबात नको. नवऱ्याने आईचं ऐकलं. दार उत्तरेला आलं, दारालगतचं गॅरेजही उत्तरेला आलं, आणि हॉल, स्वयंपाकघर, मागचं अंगण, सगळं दक्षिणेला गेलं. आमची गाडी दिवसभर उबेत बसते आणि आम्ही आत स्वेटर घालून. जुलैत मागच्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, म्हणून मी स्टँड पुढे ड्राइव्हवेवर आणून ठेवते आणि अख्ख्या गल्लीला आमच्या घरातले बनियन दाखवते. पहिल्याच हिवाळ्यात मी नवऱ्याला बजावलं होतं, यापुढे दिशेच्या बाबतीत तू तोंड उघडायचं नाहीस. नंतरही दर हिवाळ्यात आठवण करून देत होते. त्यात मी कसूर केली नाही.

त्यामुळे पोर्तुगालच्या एजंटबाईंना मी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सांगितलं, टेरेस नॉर्थला हवी. बाई थबकल्या. "नॉर्थ? आर यू शुअर, मॅडम?" मी म्हटलं, "येस. वुई आर फ्रॉम ऑस्ट्रेलिया." जणू यात सगळं आलं. बाईंनी पुढच्या कॉललाही विचारलं, त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा मी जरा आवाज चढवला. त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि हसतमुखाने उत्तरेकडची घरं दाखवायला सुरुवात केली. ती भरपूर होती. दक्षिणेकडची घरं महाग आणि पटापट जाणारी, उत्तरेकडची स्वस्त आणि वर्षानुवर्षं पडून. यावरून मी निष्कर्ष काढला की युरोपातल्या लोकांना उन्हाची कदर नाही. नवऱ्याला ते मोठ्या ऐटीत ऐकवलंही.

"असेल," तो म्हणाला.

जूनच्या शेवटी आम्हाला घर सापडलं. समुद्रापासून दहा मिनिटांवरच्या गावात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दार पूर्वेला, गच्ची उत्तरेला. बाई फोन हातात धरून गच्चीवर गेल्या तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते आणि तिथे सकाळचे आठ. गच्चीत ऊन होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लाल फरशीवर, कठड्यावर, बाईंच्या खांद्यावर ऊन होतं. माझ्याकडे बाहेर अंधारायला आलं होतं आणि हॉलमधला हीटर घरघरत होता. मला रडूच यायला लागलं.

सासूबाईंना नकाशा पाठवला. एरवी त्या आमच्या कुठल्याही बेताला आधी तीन हरकती काढतात. या वेळी दहा मिनिटांत उत्तर आलं: दार पूर्वेला, मोकळी जागा उत्तरेला, याहून चांगलं काय हवं, डोळे मिटून घ्या. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यात त्या आणि मी एकाच बाजूला असण्याची ती पहिलीच वेळ. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना दोनदा फोन केला.

कागदपत्रांत दोन-अडीच महिने गेले. तिथला वकील, तिथला कर क्रमांक, इथल्या सह्या तिथे चालतील का. सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी ऑनलाइन करार ठरला. त्या दिवशी आमची जवळजवळ सगळी शिल्लक इसार म्हणून जाणार होती, आणि मागे फिरलं तर ती परत मिळणार नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत होती, पण ती नीट धरता येत नव्हती. नवरा सगळ्याला हो म्हणत होता. तो असा माणूस नाही. आमच्या घरात डिशवॉशरमध्ये ताटं कुठल्या दिशेने लावायची यावर वाद होतात. कांदा किती बारीक चिरायचा यावर होतात. आम्ही दोघंही भांडकुदळ, लग्नाआधीच एकमेकांना तसं सांगून टाकलं होतं. आणि आता मी विचारायची, "किचनच्या टाइल्स निळ्या आहेत, चालतील?" हो. "बेडरूम दोनच आहेत, तुझी आई आली तर हॉलमध्ये झोपावं लागेल कोणाला तरी." हो, बघू. "मग मी वकिलाला कळवू?" हो, कळव. कधीकधी वाटायचं, नेट खराब आहे आणि पडद्यावर त्याचं चित्र अडकलंय. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "भिंती जांभळ्या करू." तो म्हणाला, "कर."

करार शुक्रवारी होता, आणि आमच्या मुलीला गृहपाठ मंगळवारी आला.

ती तेव्हा चौथीत. शाळा लॅपटॉपवर. त्या आठवड्याचा विषय सावली: एक काठी उभी करायची, दुपारी बारा वाजता सावली कुठल्या दिशेला पडते ते लिहायचं, आणि दुसऱ्या देशात कोणी नातेवाईक असेल तर त्यांनाही हेच करायला सांगायचं. मागच्या अंगणात दुपारी बाराला घराचीच सावली, तिथे काठीची कुठून पडणार? त्यामुळे आम्ही पुढे ड्राइव्हवेवर आलो. एका रिकाम्या डब्यात माती भरून तीत टोमॅटोच्या झाडाची काठी रोवली. समोरचे सरदारजी काका आपल्या दारातून बघत होते.

"भाभीजी, ड्राइव्हवे में टमाटर लगाओगे क्या?"

"नहीं अंकल, स्कूल का काम है."

"ओह. नो वरीज, नो वरीज. मैं तो डर गया, अब आप भी गए काम से."

सावली आमच्या दाराकडे पडली होती. मुलीने माझ्या फोनवर दिशा बघितली आणि लिहिलं, साउथ.

संध्याकाळी पाचला आम्ही चिंचवडला फोन लावला. तिथे दुपारचे साडेबारा. नेमकी पावसाने उघडीप दिली होती. सासूबाई गच्चीवर गेल्या होत्या आणि त्यांनी कणकेच्या मोठ्या गोळ्यात लाटणं उभं खोचून ते ताटात ठेवलं होतं.

"लवकर बघा गं, पोळ्या राहिल्यात माझ्या. आणि ही कणीक आता वाया."

"आजी, व्हिच वे इज इट पॉइंटिंग?"

"काय म्हणते ती?"

"सावली कुठल्या बाजूला पडलीय, विचारतेय," मी म्हटलं.

"ही काय, तुळशीकडे. एवढीशीच आहे. तुळस आपली उत्तरेच्या कठड्याला, माहीत आहे ना तुला? मी जाऊ आता खाली?"

फोन ठेवला. मुलगी कागदाकडे बघत राहिली.

"आजीज शॅडो इज राँग."

"चूक नाही गं. तिकडे सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो, म्हणून सावली उत्तरेला. आपल्याकडे तो उत्तरेने जातो, म्हणून सावली दक्षिणेला. पृथ्वीचा वरचा भाग आणि खालचा भाग." मी हे इतकं सहज सांगितलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. आयांना शाळा उगाच घाबरवते, असंही मनात आलं.

तिने ते लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबली. पोर्तुगालच्या घरातली तिची खोली तिने आधीच कागदावर काढून रंगवली होती, खिडकीत मांजरासकट.

"सो इन पोर्चुगल, डू वी गेट अवर सन ऑर आजीज सन?"

मी तिच्या खोलीतला पृथ्वीगोल घेऊन आले. पोर्तुगाल कुठे आहे ते मला माहीत होतं, तरी बोट ठेवून बघितलं. चिंचवडच्याही खूप वर.

"आजीचा," मी म्हणाले.

ती "ओके" म्हणून लिहायला लागली. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला काही कळेना. सव्वीस वर्षं मी त्याच सूर्याखाली वाढले. पण भारतात असताना ऊन कुठल्या बाजूने येतं याचा विचार कोणी केला होता? तिथे ऊन टाळायचं असतं. पडदे ओढायचे, दुपारी बाहेर पडायचं नाही, डोक्यावर ओढणी घ्यायची. ऊन घरात यायला हवं असतं, हे मी ऑस्ट्रेलियात शिकले, आणि ते उत्तरेने येतं हेही इथेच. शिकले ते इतकं घोटून की आधीचं सगळं पुसलं गेलं. मी गच्चीचा जुना व्हिडिओ पुन्हा लावला. ऊन होतंच. जूनची सकाळ होती, तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा, सूर्य सकाळी थोडा वळसा घालून उत्तरेच्या बाजूनेही डोकावतो. मग मी त्या भागातल्या उत्तरेकडच्या घरांबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते शोधलं. थंडीत महिनोन् महिने ऊन नाही. भिंतींना ओल. कपडे वाळत नाहीत.

म्हणजे मी एवढा खटाटोप करून आमचंच घर पुन्हा विकत घेत होते. समुद्राजवळ.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. पाच वाजून गेले होते, साडेसहाला फोन वाजणार होता. सांगितलं तर घर जाणार, हे उघड होतं. शिल्लक वाचणार, हेही उघड होतं. पण मग उद्या संध्याकाळी आम्ही काय बोलणार? 'आज किती?', 'इथे शून्य', 'ठेवू?' मला त्याची इतकी धास्ती वाटली की सहा वाजेपर्यंत मी ठरवून टाकलं, सांगायचं नाही. राहील अंधार थोडा, अंधाराची सवय आहेच आपल्याला. सव्वासहाला ठरवलं, सांगायचं. मग वाटलं, त्याला किती वाईट वाटेल, वर्षभर स्वप्न बघतोय बिचारा. साडेसहाला फोन वाजला तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

तो नुकताच शिफ्टवरून आला होता. अंगात नारिंगी शर्ट, भुवयांवर लाल धूळ, मागे त्याच्या खोलीची ती पत्र्याची भिंत.

"झालं का जेवण?"

"अरे, तिथे सूर्य दक्षिणेला असतो," मी म्हणाले.

त्याने भुवयांवरची धूळ पुसली.

"हो," तो म्हणाला.

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे, असतो."

"तुला माहीत होतं?"

"अगं, मी खाणीत काम करतो. रोज नकाशे बघतो. मला दिशा कळत नसतील का?"

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या कॉलपासून. त्या बाईंनी विचारलं ना तुला, आर यू शुअर, तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"दिशेच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही, असं तूच सांगितलंयस."

मला आधी वाटलं तो चेष्टा करतोय. त्याचा चेहरा बघितला. चेष्टा नव्हती. मग मला जबरदस्त राग आला.

"शुक्रवारी सही करणार होतास तू?"

"हो."

"सगळी शिल्लक घालून? अंधाऱ्या घरावर?"

"तुला हवं होतं ना ते."

"मला? लाइफस्टाइल लाइफस्टाइल कोण करत होतं?"

"तू व्हिडिओ बघून लिहिलंस, असं पाहिजे. म्हणून मी शोधायला लागलो. तू खुश असायचीस गं फोनवर. मी काही बोललो असतो आणि ते घर गेलं असतं, तर काय बोललो असतो आपण रोज?"

हे ऐकून माझा राग निवायला हवा होता, कारण दीड तास मीही हाच विचार करत होते. उलट राग आणखी भडकला. मी त्याला म्हटलं की तू माणूस राहिलेला नाहीस. मी म्हटलं, वर्षभर मी भिंतीशी बोलतेय. जांभळ्या भिंती म्हटलं तरी तू हो म्हणालास, मी मुद्दाम म्हटलं होतं, तेवढंही तुला कळलं नाही. मी म्हटलं, तिकडे कोणी आहे की नाही हेच मला कळेनासं झालंय, आणि हे मी ओरडून म्हटलं.

"ओरडू नकोस."

"ओरडणार!"

"मग ऐक!" आता तोही ओरडला. "ऐकायचंय ना तुला? मला ते किचन आवडलेलं नाही. त्या निळ्या टाइल्स सार्वजनिक बाथरूमसारख्या दिसतात. दोन बेडरूममध्ये माझी आई कुठे राहणार? आणि आपण मासे खातो का? खातो का आपण मासे?"

"मासे तू म्हणालास!"

"त्या व्हिडिओत होते म्हणून म्हणालो! आणि अजून एक, सहा वर्षं ऐकून घेतोय. स्कोफिल्ड्सचा प्लॉट आईने नाही ठरवला. आईने दोन सांगितले होते. हा तुला आवडला होता, कोपऱ्यावरच्या त्या झाडामुळे!"

हे खरं होतं. ते झाड नंतर रस्ता रुंद करताना तोडलं आणि त्याच्याबरोबर माझ्या सोयीने ती आठवणही गेली होती. खरं होतं म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, आणि तू ताटं उलटी लावतोस. तो म्हणाला, ताटं तू उलटी लावतेस, पाणी खालून येतं. मी म्हटलं, ती लाल बॅग मी सहा वर्षं झटकलीय. तो म्हणाला, कोणी सांगितलं होतं झटकायला? कितीतरी महिन्यांनी आम्ही एकाच वेळी बोलत होतो, एकमेकांचं वाक्य पुरं होऊ न देता. मधेच माझ्या लक्षात आलं की माझ्या गालांवर पाणी आहे आणि मी स्वयंपाकघराच्या गार फरशीवर बसले आहे. कधी बसले ते कळलंच नाही.

मुलीच्या खोलीचं दार उघडलं. ती पळत बाहेर आली ती माझ्याकडे नाहीच. पॅसेजमधून सरळ पुढच्या दाराशी गेली, दार उघडून बाहेर बघितलं, जिथे ती बॅग असते तिथे. मग परत आली. तिच्या हातात पेन्सिल तशीच होती.

"बाबा कुठेय?"

"कालगुर्लीला. का गं?"

"आय थॉट ही वॉज होम." ती माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. "यू गाइज आर फायटिंग."

तिचा चेहरा मला बघवेना. मी फोनकडे बघितलं, तर तिथेही तो मान खाली घालून बसलेला. हालचाल नाही. मला वाटलं पुन्हा चित्र अडकलं. रागवायचं होतं, रडायचं होतं, वकिलाला कळवायचं होतं, हिला जवळ घ्यायचं होतं, आणि यातलं आधी काय, काही कळत नव्हतं.

"अजून नाही आलो, पिल्लू," फोनमधून आवाज आला. "शनिवारी येतो."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. वर्षभर त्याचं प्रत्येक 'हो' ऐकून ऐकून मला त्याचं काहीच खरं वाटेनासं झालं होतं. हेही तसंच असेल, पोर वाईट वाटून घेतेय म्हणून. मी फोन जवळ घेतला आणि हळू आवाजात म्हटलं, "अरे, उगाच बोलू नकोस तिच्यासमोर. आलास तर परत जाता येणार नाही."

"नाही जात," तो म्हणाला.